शेवटचे दहा फूट

संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वीच आटोपलेले असते. दिवेलागणीनंतर घरातील कर्ती माणसे दुकान वाढवून परततात, गल्ल्याचा हिशेब लागतो आणि बैठकीच्या खोलीतील टीव्ही सुरू होतो. धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईटसारख्या गावात, चातुर्मासात दूरच्या नगरी चाललेले प्रवचन आता बऱ्याच घरांत याच पडद्यावर ऐकले जाते. पुढे मांडी घालून बसलेल्या नातवंडांना ते स्पष्ट ऐकू येते. सूनबाईंना स्वयंपाकघरातूनही ऐकू येते. मात्र ज्यांच्यासाठी ते मुद्दाम लावलेले असते, त्या आजींना महाराजांचे ओठ हलताना दिसतात, आवाजही कानावर पडतो. पण शब्द उमगत नाहीत.

मग आवाज वाढविला जातो. दहावीतला नातू वही घेऊन माडीवर निघून जातो, शेजारच्या घराची खिडकी लागते. तोडगा म्हणून कोणीतरी बार्शीहून बिनतारी हेडफोन घेऊन येतो. दोन दिवस सारे सुरळीत चालते. तिसऱ्या दिवशी पडद्यावर जोडणी होऊ शकली नसल्याची सूचना झळकते. घरातील तरुण दोन-तीन बटणे दाबून पाहतो, तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजतो आणि तो उठून जातो. “असू दे रे, दर्शन होते तेवढे पुष्कळ,” असे आजी म्हणतात. हे वाक्य ऐकताना समाधानाचे वाटते. बहुतेक वेळा ती माघार असते.

असा प्रसंग आज अनेक घरांत घडतो आणि यंत्राचा किरकोळ बिघाड म्हणून विसरला जातो. प्रत्यक्षात त्यातील बहुतेक बिघाड पैसा न खर्चता, कोणत्याही तंत्रज्ञाला न बोलावता, अर्ध्या तासात दूर होण्यासारखे असतात. त्यासाठी हवी असते ती थोडी माहिती, आणि त्याहून अधिक, क्रमाने पाहण्याची सवय.

कुंथलगिरीचा आवाज

ईट ज्या तालुक्यात आहे त्याच भूम तालुक्यात, बालाघाटच्या डोंगररांगेत, कुंथलगिरी हे सिद्धक्षेत्र आहे. कुलभूषण आणि देशभूषण या मुनींच्या निर्वाणाने पावन मानल्या गेलेल्या या स्थळी १९५५ साली चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली. सल्लेखनेच्या सव्विसाव्या दिवशी, ८ सप्टेंबर १९५५ रोजी, त्यांनी मराठीतून दिलेला सुमारे २२ मिनिटांचा अंतिम उपदेश ध्वनिमुद्रित करण्यात आला. त्यानंतर दहा दिवसांनी, १८ सप्टेंबर रोजी, त्यांची समाधी झाली.

वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेल्या त्या तपस्व्याचे शब्द यंत्रावर उतरवून घेण्याचे भान त्या काळच्या श्रावकांना होते. म्हणूनच जे त्या दिवशी कुंथलगिरीवर नव्हते, त्यांनाही तो उपदेश पुढे ऐकता आला. सत्तर वर्षांचे अंतर पार करून असा आवाज आजच्या टीव्हीपर्यंत येऊ शकतो. टीव्हीपासून आजींच्या खुर्चीपर्यंतचे अंतर असते जेमतेम दहा फूट. आणि अडचण नेमकी या शेवटच्या दहा फुटांतच उद्भवते.

आवाज मोठा, तरी शब्द अस्पष्ट

पूर्वीच्या खोक्यासारख्या टीव्हीत ध्वनिक्षेपकाला भरपूर जागा असे आणि त्याचे तोंड बहुधा पाहणाऱ्याकडे असे. आजचा टीव्ही पाटीसारखा पातळ झाला. त्यातील लहान स्पीकर बहुतेक वेळा खाली किंवा मागे तोंड करून बसविलेले असतात. आवाज आधी भिंतीवर किंवा टेबलावर आदळतो आणि मग खोलीत पसरतो. फरशी, कोऱ्या भिंती आणि उंच छत असलेल्या बैठकीत तो घुमतो. तरुण कान या घुमण्यातून शब्द वेचून काढतात, उतारवयातील कानांना ते जड जाते.

वयोमानाने येणारा बहिरेपणा सर्व स्वर सारखे कमी करीत नाही. आधी जातात ते उंच पट्टीतील सूक्ष्म ध्वनी. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख याच ध्वनींवर अवलंबून असते. स्वर ऐकू येतात, व्यंजने निसटतात. म्हणूनच दुकानात बसलेल्या आजोबांना गिऱ्हाइकाने सांगितलेले ‘साठ’ कधी ‘आठ’ ऐकू येते. अशा वेळी नुसता आवाज वाढविला तर स्वर आणखी मोठे होतात. पण निसटलेले व्यंजन त्यामुळे परत येतेच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक जणांना दैनंदिन व्यवहारात अडथळा आणणारा श्रवणदोष असतो. म्हणजे एकत्र कुटुंबात असे एखादे माणूस असणे हा अपवाद नव्हे.

हेडफोनचा खरा लाभ येथे आहे. खोलीतील घुमणे, पंख्याची घरघर आणि स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज यांना वगळून बोलणाऱ्याचा आवाज थेट कानाशी येतो. त्यामुळे शब्द अधिक स्पष्ट होतात आणि घरातील इतरांनाही शांतता मिळते.

बिनतारी जोडणी चालते कशी

टीव्ही आणि हेडफोन यांना जोडणाऱ्या तंत्राचे नाव ब्लूटूथ. स्वीडनमधील एरिक्सन या कंपनीत १९९४ च्या सुमारास त्याच्या कामाला आरंभ झाला आणि दहाव्या शतकातील हॅराल्ड ब्लूटूथ या डॅनिश राजाच्या नावावरून त्याचे नामकरण झाले. विखुरलेल्या टोळ्यांना त्या राजाने एकत्र आणले, तसे हे तंत्र वेगवेगळ्या यंत्रांना एकत्र आणील, अशी त्यामागील कल्पना होती.

हा संवाद २.४ गिगाहर्ट्‌झच्या रेडिओलहरींवर चालतो. या पट्ट्याचे ७९ लहान मार्ग केलेले असतात आणि दोन्ही यंत्रे सेकंदाला १६०० वेळा या मार्गावरून त्या मार्गावर उड्या घेत बोलत राहतात. एखाद्या मार्गावर गर्दी आढळली तर तो टाळून पुढे जातात. घरातील वायफाय राउटरही पुष्कळदा याच पट्ट्यात चालतो. मायक्रोवेव्ह भट्टीच्या लहरीही याच पट्ट्यातील असतात. बाजाराच्या दिवशी अरुंद गल्लीतून हातगाडी काढावी, तसा हा व्यवहार असतो. एरवी वाट मिळते, गर्दी फार झाली की गाडी अडते आणि आवाज तुटतो.

दुसरी गोष्ट ओळखीची. ब्लूटूथची दोन यंत्रे प्रथम एकमेकांची ओळख करून घेतात, यालाच पेअरिंग म्हणतात. ही ओळख दोघांच्याही स्मरणात राहते आणि पुढच्या वेळी ती आपोआप जोडली जातात. मात्र ओळख असणे आणि त्या क्षणी जोडलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्रारींपैकी बऱ्याचशा या एका फरकाच्या अज्ञानातून जन्मतात.

खरेदीपूर्वीची एक चौकशी

माल घेण्यापूर्वी तो पारखून घेणे व्यापारी घराला शिकवावे लागत नाही. हेडफोन घेण्यापूर्वी मात्र टीव्हीची पारख करावी लागते. खोक्यावर ब्लूटूथ असे छापलेले असले, तरी काही टीव्हींमध्ये ते केवळ रिमोट चालविण्यापुरते असते. त्यातून हेडफोनकडे आवाज जात नाही. त्यासाठी टीव्हीच्या ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘साउंड’ आणि त्याखालील ‘साउंड आउटपुट’ किंवा ‘साउंड आउट’ हा विभाग पाहावा. तेथे ब्लूटूथ स्पीकर किंवा ब्लूटूथ उपकरण असा पर्याय दिसला तर निश्चिंत व्हावे. गूगल प्रणालीवरील टीव्हीत ही सोय बहुधा ‘रिमोट्स अँड ॲक्सेसरीज’ या नावाखाली असते.

असा पर्याय नसेल, तर टीव्ही बदलण्याचे कारण नाही. ब्लूटूथ ट्रान्समीटर नावाचे लहानसे यंत्र मिळते. ते टीव्हीच्या हेडफोनच्या छिद्रात किंवा ऑप्टिकल जोडणीत लावले की जुना टीव्हीही बिनतारी आवाज पाठवू लागतो. घेताना आपल्या टीव्हीच्या मागे यांपैकी कोणते छिद्र आहे, हे मोबाईलवर छायाचित्र काढून दुकानदाराला दाखवावे. एक खेप वाचते.

तेरीज जुळत नसेल तेव्हा

तेरीज जुळत नसली म्हणून अनुभवी मुनीम साऱ्या वह्या नव्याने लिहावयास घेत नाही. तो एकेक पान क्रमाने तपासतो आणि जेथे फरक पडला तेथे बोट ठेवतो. टीव्हीच्या आवाजालाही हीच रीत लागू पडते. आवाज ज्या क्रमाने प्रवास करतो त्याच क्रमाने पाहावे: आधी कार्यक्रम जेथून येतो तो सेटटॉप बॉक्स किंवा ॲप, मग टीव्ही, मग हवेतील अंतर आणि शेवटी हेडफोन. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर बिघाड गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्या पानावर यावे लागते.

सर्वांत आधी टीव्हीचा स्वतःचा स्पीकर लावून पाहावा. त्यातूनही आवाज येत नसेल तर दोष हेडफोनचा नाही. सेटटॉप बॉक्सला आवाजाचे स्वतःचे नियंत्रण असते. दोन रिमोट असलेल्या घरात बॉक्सचा आवाज शून्यावर आणि टीव्हीचा पूर्ण, अशी स्थिती अनेकदा आढळते. टीव्हीवर आवाज येत असेल, तर मग पुढील पानाकडे वळावे.

यादीत हेडफोनचे नावच दिसत नाही

ही सर्वाधिक आढळणारी तक्रार. पुष्कळदा तिचे मूळ टीव्हीत नसते, हेडफोनमध्येही नसते. ते नातवाच्या खिशात असते. हेडफोन आणल्या दिवशी त्याने तो आपल्या मोबाईलला जोडून गाणे लावून पाहिलेले असते. पुढे आजींनी हेडफोन सुरू केला की तो टीव्हीच्या आधी त्या मोबाईलला शोधतो आणि मोबाईल घरात असेल तर त्यालाच जोडला जातो. हेडफोन एका यंत्रात गुंतलेला असताना टीव्हीला तो सापडत नाही. यावर उपाय सोपा. घरातील ज्या-ज्या मोबाईलला तो कधी जोडला गेला असेल, त्यांच्या ब्लूटूथ यादीतून हेडफोनचे नाव काढून टाकावे. नुसते ब्लूटूथ बंद करून भागत नाही, कारण कोणीतरी ते पुन्हा सुरू करतोच. आजींचा हेडफोन आजींच्या टीव्हीपुरताच ठेवावा, हा घरचा नियम सर्वांत टिकाऊ ठरतो.

त्यानंतर हेडफोन ओळखीच्या स्थितीत आणावा. बंद असताना चालू-बंदचे बटण पाच ते सात सेकंद दाबून धरले की बहुतेक हेडफोनवरील दिवा वेगाने लुकलुकू लागतो. डबीत ठेवण्याच्या लहान हेडफोनमध्ये पुष्कळदा डबीचे झाकण उघडून तिच्यावरील बटण दाबावे लागते. दिवा संथ लुकलुकत असेल तर हेडफोन केवळ चालू आहे, ओळखीस तयार नाही, असे अनेकदा असते. नेमकी खूण सोबतच्या माहितीपत्रकात दिलेली असते. ते पत्रक खोक्याबरोबर टाकून देऊ नये. ओळख करून देताना हेडफोन टीव्हीपासून हात-दोन हात अंतरावर धरावा.

जोडला गेला, पण आवाज नाही

पडद्यावर ‘कनेक्टेड’ असे दिसते आणि कानात मात्र शांतता, अशा वेळी तीन ठिकाणे पाहावीत. पहिले, ‘साउंड आउटपुट’मध्ये टीव्ही स्पीकरऐवजी ब्लूटूथ उपकरण निवडलेले आहे का. दुसरे, हेडफोनचा स्वतःचा आवाज वाढविलेला आहे का. अनेक हेडफोनवर वेगळी कळ असते आणि ती वयस्कर बोटांकडून नकळत दाबली जाते. तिसरे, टीव्हीतील जुनी ओळख बिघडलेली तर नाही. यादीतून हेडफोनचे नाव ‘फर्गेट’ किंवा ‘अनपेअर’ करून पुसावे, दोन्ही यंत्रे बंद करून सुरू करावीत आणि ओळख पहिल्यापासून करून द्यावी. शिळी ओळख पुसणे हा या सगळ्या उपायांतील अत्यंत गुणकारी उपाय होय.

वीज गेल्यानंतर असा बिघाड विशेषकरून आढळतो. ग्रामीण भागात वीज जाण्या-येण्याला धरबंध नसतो. रिमोटने टीव्ही बंद केला तरी तो पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपेत राहतो आणि त्याच्या स्मरणातील गोंधळही तसाच राहतो. त्यासाठी भिंतीवरील बटण बंद करून मिनिटभर थांबावे. मग टीव्ही सुरू करावा, तो पुरता सुरू होऊ द्यावा आणि त्यानंतरच हेडफोन सुरू करावा. हा क्रम पाळला तर जोडणी आपोआप होण्याची शक्यता वाढते. टीव्हीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आलेली असेल तर तीही ‘सेटिंग्ज’मधून घ्यावी. मात्र ती चालू असताना वीज जाणार नाही अशी वेळ निवडावी.

आवाज तुटतो, खरखरतो

जोडणी होते, पण शब्द मधूनच गळतात. येथे हवेतील त्या दहा फुटांकडे लक्ष द्यावे. राउटर टीव्हीला चिकटून ठेवलेला असेल तर तो चार-पाच फूट दूर न्यावा. राउटरला ५ गिगाहर्ट्‌झची सोय असेल तर टीव्ही त्या पट्ट्यावर जोडावा, म्हणजे ब्लूटूथची वाट मोकळी होते. टीव्हीच्या मागे लावलेली पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कही काही वेळा अडथळा आणते. ती काढून पाहावी. धातूचे कपाट, तिजोरी आणि जुन्या वाड्याच्या जाड भिंती या लहरी अडवितात. माणसाच्या शरीरातील पाणीही त्यांना शोषते, म्हणून खुर्ची आणि टीव्ही यांच्यामध्ये चार माणसे बसली की आवाज तुटू शकतो. दहा मीटरची मर्यादा माहितीपत्रकात लिहिलेली असली, तरी ती मोकळ्या जागेची असते.

हेडफोनची बॅटरी उतरत आली की जोडणी डळमळू लागते. मोबाईलप्रमाणेच तो रोज एका ठरलेल्या वेळी चार्ज करण्याची जबाबदारी घरातील एखाद्या मुलाकडे द्यावी.

ओठ आधी, शब्द नंतर

दूर खडी फोडणाऱ्याचा घण आधी पडताना दिसतो आणि आवाज मागून येतो. ब्लूटूथवर तसेच काहीसे घडते, कारण आवाज दाबून लहान करणे, पाठविणे आणि पुन्हा उलगडणे यांत वेळ जातो. साध्या जोडणीत हा विलंब सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास जाऊ शकतो. तेवढ्या वेळात हवेतून ध्वनी सुमारे सव्वादोनशे फूट जातो. म्हणजे दहा फुटांवरील महाराज सव्वादोनशे फुटांवरून बोलत असल्यासारखे भासतात. कमी ऐकू येणारी माणसे नकळत ओठांवरूनही शब्द ओळखत असतात. त्यांना हा विसंवाद अधिक त्रास देतो.

‘साउंड’ विभागातील ‘एव्ही सिंक’ या सोयीने पुष्कळ टीव्हींमध्ये हे अंतर कमी करता येते. स्वतंत्र ट्रान्समीटर घ्यावयाचा असेल तर कमी विलंबाचे तंत्र ट्रान्समीटर आणि हेडफोन या दोहोंतही आहे का, हे विचारावे. एकातच असून उपयोग नाही. आणि हे सारे करूनही मेळ बसला नाही, तर बैठकीसह मिळणारा रेडिओलहरींचा हेडफोन हा चांगला पर्याय आहे. त्याची बैठक टीव्हीला तारेने जोडलेली असते, त्याला ओळखीची कटकट बहुधा नसते आणि विलंबही जाणवत नाही.

आजींनाही ऐकू यावे आणि घरालाही

हेडफोन जोडला की टीव्हीचा स्पीकर बंद होतो, अशीही तक्रार असते. मग आजी ऐकतात आणि उरलेले घर मूकपट पाहते. किंवा घर ऐकते आणि आजी पाहत राहतात. काही टीव्हींमध्ये दोन्हींकडे एकाच वेळी आवाज देण्याची सोय असते. ती ‘साउंड आउटपुट’मध्येच शोधावी. ती नसेल तर ऑप्टिकल जोडणीवर ट्रान्समीटर लावून पाहावा. काही टीव्हींमध्ये ही जोडणी चालू असतानाही स्पीकर वाजत राहतो. त्यात आवाज आला नाही तर ‘डिजिटल साउंड आउटपुट’ डॉल्बीऐवजी ‘पीसीएम’वर ठेवावे, कारण अनेक ट्रान्समीटरना डॉल्बीचा आवाज उलगडता येत नाही. ही सोय शोधण्यात थोडा वेळ गेला तरी तो सत्कारणी लागतो. एकट्याने ऐकणे आणि घरासोबत ऐकणे यांत ज्येष्ठांच्या लेखी फार अंतर असते.

कानात श्रवणयंत्र असेल तर त्यावर हेडफोन चढविण्यापूर्वी यंत्र देणाऱ्या तज्ज्ञाला विचारावे. अनेक नव्या श्रवणयंत्रांसाठी त्याच कंपनीचा टीव्हीला जोडावयाचा लहान डबा मिळतो आणि आवाज थेट यंत्रात येतो. २०२२ साली जाहीर झालेले ऑराकास्ट हे ब्लूटूथचे नवे तंत्र एकाच ठिकाणाहून कितीही श्रवणयंत्रांकडे एकाच वेळी आवाज पाठवू शकते. प्रवचनमंडप आणि सभागृहे यांची नवी ध्वनियोजना करताना विश्वस्तांनी त्याची चौकशी अवश्य करावी.

तार कमीपणाची नव्हे

बिनतारी साधन आधुनिक आणि तार जुनाट, असा एक समज आहे. स्थिर बसून ऐकणाऱ्या माणसासाठी लांब तारेचा साधा हेडफोन आजही अत्यंत भरवशाचा असतो. त्याला बॅटरी नाही, ओळख नाही, विलंब नाही. तार पायात अडकणार नाही अशा रीतीने ती भिंतीकडेने बसवावी. घरासाठी साउंडबार घेतलेला असेल तर तोही ब्लूटूथऐवजी ‘एआरसी’ असे लिहिलेल्या एचडीएमआय जोडणीत तारेनेच लावावा. आवाज चांगला येतो आणि टीव्हीच्या रिमोटवरच त्याचे नियंत्रण राहते.

तीन सावधगिऱ्या

सारे उपाय थकल्यावर टीव्ही ‘फॅक्टरी रीसेट’ करता येतो. पण त्याने सर्व ॲप, पासवर्ड आणि रचना पुसली जाते. तो शेवटचा उपाय मानावा.

सेवा केंद्राचा क्रमांक हमीपत्रावरून किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या क्रमांकावरील तोतया ‘प्रतिनिधी’ मोबाईलमध्ये एखादे ॲप घ्यावयास सांगतो किंवा दहा रुपये भरावयास लावतो आणि दुकानाचे खाते रिकामे होते. ओटीपी कोणासही सांगू नये. फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

तिसरी सावधगिरी कानांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकण्यास हरकत नाही. ९० डेसिबलला ही मर्यादा ४ तासांवर येते. हेडफोनचा आवाज सतत वाढवावा लागत असेल, एकाच कानाने कमी ऐकू येत असेल किंवा ऐकणे अचानक कमी झाले असेल, तर दोष यंत्रात शोधू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. कधी साचलेला मळ काढल्यानेच प्रश्न सुटतो.

एक कागद

या सर्व खटाटोपानंतर एक छोटे काम उरते. टीव्ही सुरू करणे, तो पुरता सुरू होईपर्यंत थांबणे, हेडफोनचे बटण दाबणे, दिवा स्थिर झाल्याची खात्री करणे आणि आवाज वाढविणे, ही पाच पावले मोठ्या मराठी अक्षरांत एका कागदावर लिहून टीव्हीशेजारी लावावीत. हेडफोनच्या चालू-बंदच्या बटणावर रंगीत टिकली चिकटवावी. मग ते यंत्र केवळ आजींसाठीच नव्हे, तर आजींच्या हातीही येते. नातू बाहेरगावी शिकायला गेला, कर्ती माणसे दुकानात असली, तरी दुपारच्या निवांत वेळी त्या स्वतः टीव्ही लावू शकतात.

कुंथलगिरीवर १९५५ साली ज्यांनी ते २२ मिनिटांचे शब्द जपून ठेवले, त्यांचे काम तेव्हाच पूर्ण झाले होते. टीव्हीपासून खुर्चीपर्यंतचे अंतर प्रत्येक घराने आपापले पार करावयाचे आहे. ते पार झाल्याची खूण अगदी साधी असते. प्रवचन संपल्यावर आजी हेडफोन काढतात आणि समोर बसलेल्या नातवंडाला विचारतात, “महाराज आत्ता काय म्हणाले, सांग बरे?” आणि त्याला सांगता आले नाही, तर आज त्याच सांगतात.